कोनता नमुना लागते?

आमच्या कामात नमुने साठवावे लागतात, किस्से आपोआप साठतात. नमुन्यांना बर्फाची पेटी लागते, नंबर लागतो, मोठा फ्रीज लागतो. किश्शांना काहीच लागत नाही. ते जीपच्या मागच्या सीटवर पडून असतात आणि कोणी "मग, कुठवर आलं काम?" म्हटलं की एकामागून एक उठून बसतात. वर्षभरात इतके झालेत की आज थोडी जागा रिकामी करते.

काम काय ते आधी सांगते. ते ऐकल्यावर लोक एकदा हसतात, तेव्हा ते हसणं आधी उरकलेलं बरं. माणसाच्या आतड्यात असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. त्यांचा आणि माणसाच्या मनाचा काही संबंध आहे का, आणि भोवतालचं पाणी, धूळ, झाडं, जनावरं यांचा त्यात काही हात आहे का, हे आम्ही शोधतो. त्यासाठी यवतमाळहून निघायचं, घाटंजीकडची आणि मुकुटबनकडची ठरलेली गावं फिरायची. दर माणसाला मनाबद्दल नऊ प्रश्न विचारायचे, घराभोवतीबद्दल बारा. आणि एका छोट्या डबीत त्याच्या शौचाचा नमुना आणायचा.

हसलात? झालं. आता पुढे.

आम्ही तिघं. मॅडम मनोविकारतज्ज्ञ. नऊ प्रश्नांत ज्याचं काही बरं दिसत नाही, त्याच्याशी त्या तिथंच बसून बोलतात, औषध लागलं तर देतात, पुढच्या फेरीला पुन्हा बघतात. मी पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलेली, डब्या आणि प्रश्न माझ्याकडे. माझ्यात गुण एकच, चिकटपणा. घरी मला डिंक म्हणतात. आणि तिसरे रफिकभाई, आमच्या जीपचे ड्रायव्हर.

रफिकभाई मूळचे मेकॅनिक. घाटंजी रोडवर एका मोठ्या कडुलिंबाखाली त्यांचं टिनाच्या शेडचं गॅरेज होतं. तीस वर्षं तिथंच बसले. लांबून येणाऱ्या जीपच्या आवाजावरून "हिचा क्लच गेला" असं सांगायचे. मग रस्ता रुंद झाला. लिंब गेला, शेड गेलं, आणि रफिकभाई आमची जीप चालवायला आले. जोक पूर्वीसारखेच मारायचे. पण जोक संपला की चेहरा असा विझायचा की आपल्यालाच कसंतरी व्हायचं.

ते नऊ प्रश्न रफिकभाईंना विचारायचे आणि त्यांना मॅडमसमोर बसवायचं, हे मी पहिल्याच महिन्यात ठरवलं. त्यांनी त्याच महिन्यात ठरवलं, की बसायचं नाही!

* * *

पहिलंच गाव, घाटंजी तालुक्यातलं. आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं होतं, "उद्या सकाळी आठ वाजता यादीतल्या सर्वांनी आपापला नमुना घेऊन शाळेत यावे."

सकाळी बघते तर शाळेसमोर ही लांब रांग! मी खूश. मॅडम खूश. पण कोणाच्या हातात डबी नाही. सगळ्यांच्या हातात प्लॅस्टिकची फाइल.

मग लक्षात आलं, डब्या तर माझ्याच पेटीत होत्या. वाटायच्याच राहिल्या होत्या!

रांगेत पहिले होते काशिनाथ आजोबा, डोक्याला पांढरं दुपट्टं. त्यांनी फाइल उघडून कागद काढले. "हा नमुना सात, बाई. आन् हा नमुना आठ. कोनता लागते?"

नमुना सात म्हणजे शेताचा उतारा. नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीत मिळतो तो घराजागेचा उतारा. जागा कोणाच्या नावावर, किती फूट, बांधकाम कसलं, ते त्यात लिहिलेलं असतं. सरकारी माणूस आला आणि नमुना मागितला, तर दुसरं काय आणणार बिचारे?

मी जवळ जाऊन हळू आवाजात त्यांना समजावलं, कोणता नमुना ते. आजोबांनी कागद घडी करून फाइलमध्ये ठेवले. मग मागच्या रांगेकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "चला रे घरी! थो नमुना त आपन आत्ताच वावरात ठुन आलो!"

जीपमध्ये रफिकभाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होते. खांदे हलत होते. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस सुधारतोय.

तेव्हापासून आम्ही नमुना हा शब्द बंद केला. फक्त डबी.

* * *

डबीचीही एक गोष्ट आहे. आमची डबी पांढरी, फिरकीच्या झाकणाची, घट्ट बसणारी. यशोदाबाई नावाच्या आजींना दिली. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाल्या, "नाही झालं बाई. दुसरी देऊन ठेव."

दिली. तिसऱ्या दिवशी गेले. "दुसरी देऊन ठेव."

असं पाच वेळा. सहाव्यांदा मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात डोकावले. फळीवर माझ्या पाचही डब्या ओळीत. एकीत मोहरी, एकीत ओवा, एकीत अंबाडीचं बी, एकीत तीळ, एकीत मेथीदाणे. वर माझंच लेबल, माझ्याच अक्षरात नाव आणि नंबर!

"आजी!"

"काय करू व बाई, इतकी चांगली डबी. घान कराले जीवच होत नाही."

मीही डिंक. म्हटलं, डब्या तुमच्या झाल्या, पण मी उद्या परत येणार. दुसऱ्या दिवशी त्या दारातच उभ्या होत्या, हातात जुना स्टीलचा डबा, वर फडक्याची गाठ. मी दोन्ही हातांनी घेतला.

"डबा मात्र घासून वापस आनजा," आजी म्हणाल्या. "बुढ्याच्या जेवनाचा हाये!"

* * *

प्रश्नावली मुंबईपुण्याकडे कोणीतरी शुद्ध मराठीत लिहिलेली. पहिलाच प्रश्न असा, "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला कोणत्याही गोष्टीत रस वाटला नाही, असं किती दिवस झालं?"

एका काकूंना विचारलं. त्यांनी बराच विचार केला. "रस आता कुठचा बाई? आंबे त कवाचे झाले."

दुसरे एक काका म्हणाले, "मले रस जमत नाही, शुगर हाये."

मी पेन खाली ठेवलं आणि मॅडमना म्हटलं, हा प्रश्न बदलू या. मॅडमनी वरती पत्र लिहिलं, परवानगी आणली. नवा प्रश्न दोनच शब्दांचा झाला. "करमते का?"

पुढच्या गावात एका बाईला विचारला. चाळिशीची, पदर खोचून भांडी घासत होती. आधी सगळ्या प्रश्नांना "बरं हाये" म्हणून मोकळी झालेली. "करमते का?" म्हटल्यावर तिचा हात थांबला. ती खाली बसली आणि पाऊण तास बोलली. मी एक अक्षर लिहिलं नाही. मॅडम आल्या, तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. ती बाई आज औषधावर आहे आणि मला बघितलं की चहा ठेवते.

परत येताना जीपमध्ये मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रफिकभाई, तुम्हाला करमते का?"

"मले उसाचा रस चालते, ताई," ते म्हणाले. आणि गाडी थांबवून टायरमधली हवा बघायला उतरले. चारही टायर बघितले. स्टेपनीसुद्धा बघितली!

* * *

एकदा मुकुटबनहून येताना जीप बंद पडली. दुपारची वेळ, बर्फाची पेटी डब्यांनी भरलेली. मी निश्चिंत. ड्रायव्हरच मेकॅनिक असल्यावर काळजी कशाची?

रफिकभाई उतरले. बॉनेटसमोर उभे राहिले. बॉनेट उघडलंच नाही. दोन मिनिटांनी बाजूच्या दगडावर जाऊन बसले. "राहू द्या ताई. नाही होत."

"बघा तरी!"

"नाही होत म्हनलं न."

मॅडम गाडीपाशी थांबल्या, दुसऱ्या मेकॅनिकला फोन केला. बर्फ वितळायच्या आत पेटी यवतमाळला पोचायला हवी होती, म्हणून मी आणि रफिकभाई ती उचलून एसटीत चढलो.

एसटी खच्चून भरलेली. पेटी माझ्या पायाशी. शेजारच्या मावशींनी त्यावर हात टेकला आणि चटकन मागे घेतला. "थंडगार हाये व माय! कुल्फी हाये का?"

सगळी बस माझ्याकडे बघायला लागली. कंडक्टरही बघायला लागला. मागून रफिकभाईंचा आवाज आला, "हाव मावशी. घरगुती हाये!"

मावशींनी यवतमाळ येईपर्यंत भाव विचारला. मी पेटी मांडीवर घेऊन बसले. हसू आवरत नव्हतं, आणि डोळ्यांसमोर ते बंद बॉनेट होतं. तीस वर्षं ज्यानं दुसऱ्यांच्या गाड्या उघडल्या, त्याला स्वतःची उघडवली नाही. मला त्या दिवशी भीती वाटली.

* * *

घराभोवतीचे बारा प्रश्न म्हणजे रकाने. पाणी, झाडं, जनावरं, चूल, धूळ, आवाज, असं. मुकुटबनच्या पुढे एका वस्तीवर एक नवी सून भेटली. विचारलं, आसपास काय काय आहे?

"कोंबड्या सात, बकऱ्या तीन, एक मोहाचं झाड," तिनं बोटं मोजली. "आन् सासू."

"सासू कोणत्या रकान्यात लिहू?" मी पण थट्टेनं म्हटलं.

"आवाजात लिहा."

कुडामागून सासूचा आवाज आला, "माह्या कागदावर सुनेले बी तिथंच लिहा, बाई! जागा कमी पडली त मांगच्या बाजूले लिहा!"

दोघींचे नऊ प्रश्नांचे कागद मात्र एकदम उत्तम. काही काळजी नाही. मॅडम म्हणाल्या, हा आवाज यांना मानवलेला दिसतो.

* * *

आता डब्याचं सांगते. यशोदाबाईंचा नाही, रफिकभाईंचा. त्यांचा जेवणाचा डबा तीन मजली. शमीमभाभींच्या हातची भाजी म्हणजे काय सांगू! दुपारी जीपच्या सावलीत बसलो की रफिकभाई डबा उघडायचे आणि आमच्या पुढे सरकवायचे. "घ्या ताई. मले भूक नाही, सकाळी लय झालं." आम्ही घ्यायचो. मला वाटायचं, किती दिलदार माणूस!

एक दिवस शमीमभाभींचा फोन आला. आवाज दबका. "ताई, एक बात पूछूँ? डब्बा तो रोज खाली आता. पर आदमी आधा हो गया."

सहा महिने दुसऱ्यांच्या पोटांचा हिशेब मांडत होते, आणि शेजारी बसलेल्या माणसाचं जेवण मीच खात होते!

भाभींना खरं काय ते सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी डबा पुढे आल्यावर हात मागे घेतला. मॅडमनीही घेतला. रफिकभाईंनी आमच्याकडे बघितलं, उठले आणि डबा रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालून आले. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर त्याच गावात काम होतं, तेवढ्यात तिथल्या कुत्र्यांना काय तब्येत आली!

शेवटी मी म्हटलं, "रफिकभाई, उद्यापासून मी या कुत्र्यांचेच नमुने घेणार. भाभींच्या भाजीचा गुण कागदावर येऊ द्या."

ते हसले. एक भाकर मोडून अर्धी खाल्ली. अर्धीच, पण माझ्यासमोर खाल्ली.

* * *

पाहणी संपत आली तेव्हा पहिल्या गावात पुन्हा गेलो. मॅडम चावडीवर सांगत होत्या, पोट आणि मेंदू यांच्यात सारखे निरोप चालतात, त्यात या जंतूंचा हात असावा असं दिसतं, अजून बरंच कळायचं आहे. काशिनाथ आजोबांनी हात वर केला.

"म्हंजे बाई, पोट बिघडते म्हनून मन बिघडते, का मन बिघडते म्हनून पोट?"

मॅडम खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही बाजूंनी होतं असं वाटतं. कोण कोणाला आधी ओढतं, ते आम्हाला अजून नक्की माहीत नाही."

लोक कुजबुजले. एवढं शिकून यांना माहीत नाही! तेवढ्यात मागे खांबाला टेकलेले रफिकभाई बोलले. आख्ख्या वर्षात ते पहिल्यांदा सभेत बोलले.

"त्यात काय समजाचं हाये? सपाटीवर बैल बंडीले ओढते. उतार लागला का बंडीच बैलाले ढकलते."

आजोबांनी मांडीवर थाप मारली. "हे समजलं! डायवरसायबाले खुर्ची द्या रे!"

सगळे हसले. मॅडमनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. मी नाही हसले. जीपकडे जाताना मी त्यांना गाठलं.

"मग ब्रेक कोण लावते, रफिकभाई?"

"बंडीले ब्रेक नसते, ताई."

"माहीत आहे मला. मग उताराला काय करता तुम्ही लोक?"

ते किल्ली हातात फिरवत राहिले. "मानसं उतरते खाली. मांगून धरते."

"मग आम्ही दोघी उतरलो आहोत खाली. वर्ष झालं. तुम्ही फक्त उतार कुठून लागला ते सांगा."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. ते जीपमध्ये बसले, गाडी सुरू केली, आणि यवतमाळपर्यंत आरशातूनसुद्धा मागे बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. डिंकानं जरा जास्तच चिकटून काम बिघडवलं.

* * *

आता शेवटचा किस्सा.

यादीतली सगळी माणसं झाली. डब्या मोजल्या, नंबर लावले, फ्रीज बंद केला, रजिस्टरवर मॅडमची सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात एकटीच टेबल आवरत होते. रफिकभाई आत आले. ते कधी आत यायचे नाहीत, किल्ली दारातूनच द्यायचे. आज धुतलेला शर्ट, दाढी केलेली. येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. गावागावांत लोक ज्या बाजूला बसायचे, त्या बाजूला.

त्यांनी खिशातून एक डबी काढली आणि टेबलावर ठेवली. पांढरी, फिरकीच्या झाकणाची. झाकण सुटू नये म्हणून वरून तांब्याच्या तारेनं बांधलेलं, मेकॅनिक बांधतात तसं. लेबलवर त्यांच्याच अक्षरात नाव. नंबरची जागा मोकळी.

"रफिकभाई, यादी बंद झाली," मी म्हटलं. "तुमचा यात धरता येत नाही."

"मले मालूम हाये. यादीसाठी नाही आनला."

मग त्यांनी दुसऱ्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला, सपाट केला, आणि डबीच्या शेजारी ठेवला. घडीवर काळ्या ऑइलचे डाग. ग्रामपंचायतीचा उतारा होता, नमुना आठ. त्यांच्याच नावाचा. बांधकामाच्या रकान्यात लिहिलं होतं, टिनाचं शेड, गॅरेज.

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. मी कोरा फॉर्म पुढे ओढला, पेन उघडलं.

रफिकभाईंनी आधी डबी पुढे सरकवली, मग कागद.

"हा पोटाचा, ताई. आन् हा जागेचा. कोनता लागते, पाहा."